हिमालयन ४५० की ३९० अ‍ॅडव्हेंचर? मुंबईत, पावसाळ्यासकट वापरल्यानंतर

रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० आणि केटीएमची ३९० अ‍ॅडव्हेंचर, या दोन गाड्यांची तुलना बहुतेक जण लडाख डोळ्यांपुढे ठेवून करतात. मुंबईत राहणाऱ्याने ती सायन-पनवेल रोड, घोडबंदर आणि सोसायटीचं पार्किंग डोळ्यांपुढे ठेवून करावी. लडाख झालंच तर पंधरा दिवसांचं, बाकी वर्षभर गाडी इथेच असते. शिवाय इथे दुचाकीला वेगाचे रस्ते मिळतच नाहीत. पुणे एक्स्प्रेसवे बंद, अटल सेतू बंद, सी लिंक बंद, कोस्टल रोडही बंद. पुण्याला जायचं तर जुना हायवे आणि शिंग्रोबाचा घाट, नाशिकला कसारा, आळेफाट्याकडे माळशेज. म्हणून टॉप स्पीडचा विषय बाजूलाच ठेवा. या दोन गाड्यांमधला खरा फरक कळतो तो दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी वीस-पंचवीसच्या वेगात, मागे डबल सीट बसलेली असताना.

कारण इंजिनाच्या घडणीत आहे. हिमालयनचं इंजिन ४५२ सीसीचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) ८१.५ मिमी. केटीएमचं ३९९ सीसीचं, बोअर ८९ आणि स्ट्रोक फक्त ६४. लांब स्ट्रोकचं इंजिन खालच्या आरपीएमलाच (मिनिटाला कमी फेरे असतानाच) जोर देतं, आखूड स्ट्रोकचं इंजिन वर फिरायला मोकळं असतं. कागदावर हिमालयनचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, त्याचे ४० न्यूटन मीटर ५,५०० आरपीएमला मिळतात आणि केटीएमचे ३९ मिळतात ६,५०० ला. आकडे जवळजवळ सारखे, पण मधलं हजार आरपीएमचं अंतर मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये दिवसातून शंभर वेळा जाणवतं. पूलाच्या चढावर पुढची बस थांबत-थांबत चालली असेल तर हिमालयन दुसऱ्यातच ओढत राहते. केटीएमचं इंजिन तिथे ठकठक करायला लागतं, मग पहिला टाका नाहीतर हाफ क्लच द्या. हाफ क्लचची सवय लागली की क्लच प्लेटचं आयुष्य कमी होतं आणि संध्याकाळपर्यंत डावा हात भरून येतो. केटीएम घेणाऱ्याने पहिल्या महिन्यातच एक वळण लावून घ्यावं: इंजिन ४,००० च्या खाली जाऊ द्यायचं नाही, एक गिअर खालचा ठेवायचा.

रिकामा घाट मिळाला की चित्र पालटतं. केटीएमची ताकद ४६ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप), हिमालयनची ४०. वजन केटीएमचं साधारण १८२ किलो, हिमालयनचं १९६. म्हणजे टनामागे केटीएमला अडीचशेच्या आसपास पीएस मिळतात आणि हिमालयनला दोनशेच्या. वळणातून बाहेर पडताना, ट्रक ओलांडताना हा फरक लपत नाही. केटीएमचा क्विकशिफ्टरही (क्लच न धरता गिअर बदलायची सोय) तिथेच कामाचा, आरपीएम चढलेले असताना. शहरात मंद वेगात तो वापरला की गिअर झटक्याने पडतो, त्यापेक्षा क्लच धरलेला बरा.

आता वजन. चौदा किलो म्हणजे काही फार नाही असं शोरूममध्ये वाटतं. सोसायटीच्या उताराच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटरच्या मधून गाडी मागे ढकलत काढायची वेळ आली की तेच चौदा किलो मोजून घेतात. हिमालयनची टाकी १७ लिटरची. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे फुल टाकीचे बारा-तेरा किलो वरच्या बाजूला बसतात, आणि गाडी एकदा ठराविक कोनापलीकडे कलली की सावरणं अवघड. सीटची उंची हिमालयनची ८२५ मिमी, त्याच सीटची बैठक बदलून ८४५ करता येते आणि ८०५ ची बुटकी सीट वेगळी मिळते. केटीएमची ८३०. पण उंचीच्या आकड्यावर जाऊ नका, सीटची पुढची रुंदीही बघा. मांड्या फाकल्या की पाय जमिनीपर्यंत पोचत नाहीत, उंची कमी असली तरी. राइडिंगचे बूट घालूनच शोरूमला जा, दोन्ही पायांचे चवडे टेकवा आणि तसंच बसून गाडी दहा फूट मागे न्या. जी गाडी अशी मागे नेता येत नाही ती मुंबईत रोजची गाडी होऊ शकत नाही, बाकी कितीही आवडली तरी.

टाकीचा हिशेब सोपा आहे. अ‍ॅव्हरेज लिटरला २५ धरलं तर हिमालयन ४२५ किलोमीटर जाते आणि केटीएमची १४.५ लिटरची टाकी ३६२. कोकणात किंवा नाशिकला जाणाऱ्याला याने काही फरक पडत नाही, पंप जागोजाग आहेत. स्पीतीच्या बाजूला पडतो. डॅशबोर्डवरच्या अ‍ॅव्हरेजवर विसंबू नका. टाकी गळ्यापर्यंत भरा, ट्रिप शून्य करा, परत त्याच पंपावर त्याच पातळीपर्यंत भरा आणि भागाकार करा. गाडी पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी. ई-२० पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि अर्ध्या टाकीत ओली हवा जास्त मावते.

उष्णतेबद्दल सगळे विचारतात. दोन्ही लिक्विड-कूल्ड आहेत, दोन्हींचा पंखा मे महिन्यात सिग्नलला सुरू होणार आणि गरम हवा पायांवर येणार. जाड जीन्स किंवा राइडिंग पँट आणि घोट्याच्या वर जाणारे बूट, एवढाच उपाय आहे. लक्ष ठेवायचं ते कूलंटवर: इंजिन थंड असताना एक्स्पान्शन टाकीतली पातळी दोन रेषांच्या मध्ये हवी, आणि कमी झाली तर नळाचं पाणी घालायचं नाही. पावसाळ्यानंतर रेडिएटरच्या पापुद्र्यांमध्ये चिखल वाळून बसतो आणि पंखा वारंवार लागायला लागतो. पाइपच्या साध्या धारेने, मागच्या बाजूने पुढे असं धुवायचं. वॉशिंग सेंटरवरची प्रेशर गन तिथे लावू देऊ नका, पापुद्रे आडवे होतात.

सस्पेन्शनमध्ये मात्र केटीएमला माझं झुकतं माप आहे. दोन्हींचे फोर्क (पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्या) ४३ मिमीचे आणि पुढचा प्रवास, म्हणजे चाक वर-खाली होऊ शकतं ते अंतर, २०० मिमीचा, पण हिमालयनचा शोवा फोर्क जसा येतो तसाच वापरावा लागतो, मागे फक्त प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) बदलता येतो. केटीएमच्या डब्ल्यूपी फोर्कमध्ये एका पायात कॉम्प्रेशन (दबण्याचा वेग) आणि दुसऱ्यात रिबाउंड (परत वर येण्याचा वेग) बदलायचे क्लिक आहेत. पेव्हर ब्लॉक आणि मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा रोज वाट्याला येत असतील तर कॉम्प्रेशन दोन क्लिक मोकळं करून बघा. आधी स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून मूळ क्लिक मोजून कागदावर लिहून ठेवा, म्हणजे परतीचा रस्ता राहतो. एका वेळी एकच गोष्ट, आणि दोनच क्लिक.

पण त्याआधी दोन्ही गाड्यांवर मागचा सॅग (बसल्यावर मागचं सस्पेन्शन किती दबतं ते) मोजलाच पाहिजे, आणि हे कुणीच करत नाही. मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलपासून बरोबर वर, पॅनेलवर चिकटपट्टीची खूण करा. चाक जमिनीवरून उचलून अंतर मोजा. मग हेल्मेट, जॅकेट, बॅगेसकट गाडीवर बसा, दोन्ही पाय फूटपेगवर, एकाने हँडल धरायचं आणि दुसऱ्याने परत मोजायचं. दोन मापांतला फरक २०० मिमी प्रवासाच्या गाडीला ६० ते ६५ मिमी असावा. जास्त आला तर प्रीलोड वाढवा, कमी आला तर उतरवा. डबल सीट आणि सामान असताना ढिल्या प्रीलोडवर निघालं की मागचा भाग बसतो, पुढचं चाक हलकं होतं, हेडलाइट झाडांवर जातो आणि समोरचे शिव्या घालतात. टॉप बॉक्सने हेच आणखी वाढतं, कारण तो अ‍ॅक्सलच्या मागे लटकलेला असतो. जड सामान खाली आणि पुढे, टॉप बॉक्समध्ये रेनकोट आणि हलकं तेवढंच.

चाकं. दोन्हींना पुढे २१ इंची स्पोक, मागे १७. मोठं चाक खड्ड्यात कमी अडकतं, पण ९०/९० चा पुढचा टायर अरुंद आहे आणि ओल्या डांबरावर तो १९ इंची रुंद टायरइतका विश्वास देत नाही. कच्च्या रस्त्यावर जायचंच नसेल तर केटीएमचं एक्स मॉडेल १९ इंची अलॉयमध्ये येतं, ते बघा. त्यात सस्पेन्शनचे क्लिक मिळत नाहीत, एवढं लक्षात ठेवून. हिमालयन सुरुवातीला ट्यूबवाल्या चाकांवर आली आणि नंतर ट्यूबलेस स्पोक मिळायला लागले. जुनी घेताना टायरवर ट्यूबलेस छापलंय म्हणून फसू नका, रिम बघा. हिमालयनमध्ये स्पोक रिमच्या मधून आत गेलेले असतील तर ट्यूब, कडेला अडकवलेले असतील तर ट्यूबलेस. ट्यूबची गाडी असेल तर सोबत २१ इंचाची एक ट्यूब ठेवा. अडचणीच्या वेळी ती मागच्या चाकातही घालून जवळच्या गावापर्यंत पोचता येतं, उलटं जमत नाही. ट्यूबलेसला पट्टी, रीमर आणि छोटा पंप पुरतो.

स्पोक दर महिन्याला वाजवून बघावेत. चाक उचलून छोट्या पान्याने एकेक स्पोकवर टिचकी मारा. ताणलेला स्पोक स्वच्छ 'टिंग' वाजतो, सैल झालेला 'ठक'. एक-दोन सैल मिळाले तर तेवढेच पाव-पाव फेऱ्याने आवळा. चार-पाच एकाच बाजूला असतील तर स्वतः हात लावू नका, चाक ट्रूइंगला द्या, नाहीतर रिम वाकडं होतं. वर्सोवा, वरळी, वसईसारख्या किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी निपलवर (स्पोक रिमला आवळणारे छोटे नट) दर पंधरवड्याला तेलाचं फडकं फिरवावं, खाऱ्या हवेत ती गंजून रिमला धरतात आणि मग आवळताना स्पोकच तुटतो. फोर्कच्या नळ्यांवर वाळलेला चिखल कोरड्या फडक्याने कधीच पुसायचा नाही. आधी भिजवायचा. तीच रेती सीलच्या कडेत जाऊन सील कापते आणि नळीवर तेलाची रेघ दिसायला लागते.

चेनला पावसाळ्यात तीनशे किलोमीटरला साफसफाई, एरवी पाचशेला. रॉकेल आणि मऊ ब्रश, पेट्रोल नाही, पेट्रोलने कड्यांमधल्या रबरी रिंगा खराब होतात. पुसून कोरडी झाली की आतल्या बाजूने, रिंगांवर पडेल असं ल्यूब मारून रात्रभर तशीच ठेवा. सकाळी मारून लगेच निघालात तर अर्धं रिमवर उडतं. ताण मोजताना चाक फिरवून तीन-चार जागी मोजा, चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, आणि सर्वांत घट्ट जागेवर माप जुळवा. दोन्ही गाड्यांचा सस्पेन्शन प्रवास लांब आहे, त्यामुळे छोट्या कम्यूटरच्या सवयीने चेन घट्ट केली तर खड्ड्यात ती ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो.

इलेक्ट्रॉनिक्सची यादी केटीएमची लांब आहे: वळणातही काम करणारं एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारं), ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जागेवर फिरून घसरू न देणारं), क्रूझ कंट्रोल, तीन मोड. हिमालयनला ट्रॅक्शन कंट्रोल नाही, मागचं एबीएस मात्र बंद करता येतं. मुंबईच्या पावसात झेब्रा पट्ट्यांवर, सांडलेल्या डिझेलवर ट्रॅक्शन कंट्रोल ही ऐश नाही, गरज आहे, आणि एकट्याने रोज ऑफिसला जाणाऱ्याने या एका कारणासाठीही केटीएमकडे बघावं. हिमालयनचा गोल डिस्प्ले गूगल मॅप्स दाखवतो, फोन खिशात ठेवून. हे वाटतं त्यापेक्षा मोठं सुख आहे. हँडलला लावलेला फोन पावसात टचला दाद देत नाही आणि सिंगल सिलिंडरच्या थरथरीने त्याच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं.

पैशाचं एकच सांगतो. दोन्ही ३५० सीसीच्या वर आहेत, त्यामुळे २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर जीएसटी ४० टक्के. थर्ड पार्टी विमाही वरच्या गटातला: २०२२ च्या दरपत्रकात ३५० सीसीवरच्या नव्या गाडीला पाच वर्षांचे १५,११७ रुपये, तर १५० ते ३५० च्या गटाला ७,३६५. एखादा डीलर विम्याचा आकडा फुगवून सांगत असेल तर थर्ड पार्टीचा भाग वेगळा लिहून मागा, तो ठरलेला असतो. घासाघीस करायची ती बाकीच्या भागावर.

मग घ्यायची कुठली? घरातलं कुणी मागे नेहमी बसणार असेल, सामान असेल, घाटात निवांत जायचं असेल तर हिमालयन, आणि तिच्या वजनाशी जुळवून घ्यायचं. एकट्याने चालवायची, कच्च्यात उतरायचं, क्लच-थ्रॉटलवर हात चालवायला आवडत असेल तर केटीएम. टेस्ट राइडला रिकामा सर्व्हिस रोड दाखवला तर नको म्हणा. मागे माणूस बसवा, जवळच्या पुलाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये वीसच्या वेगाला आणा, क्लच न धरता थ्रॉटल उघडा. मग एक यू-टर्न, एक स्पीडब्रेकर आणि पाच मिनिटं फूटपेगवर उभं राहून, हँडल खाली पडून कमरेत वाकावं लागतं का ते बघायला. डिलिव्हरीच्या दिवशी सोबत मिळणाऱ्या टूलकिटमधून मागच्या अ‍ॅक्सलच्या नटाला बसणारा पाना तिथेच काढून लावून बघा. बसत नसेल किंवा किटमध्येच नसेल, तर त्याच दिवशी त्या मापाचा पाना विकत घेऊन सीटखाली ठेवा.