जुनी डिझेल टाकी: आतून इपॉक्सी, फायबरचं लायनिंग, की सरळ नवीन?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावला ज्यांच्या कारखान्यात किंवा ट्रान्सपोर्टच्या यार्डात स्वतःचा डिझेल पंप आहे आणि जमिनीखालची टाकी जुनी झालीय, ते बहुतेक कोटेशनचा आकडा बघूनच ठरवतात. माझ्या मते हे उलटं झालं. आधी टाकी रिकामी करा, धुवा, गॅस-फ्री सर्टिफिकेट घ्या (म्हणजे आत पेट घेणारी वाफ उरली नाही याचा दाखला, त्याशिवाय माणूस आत सोडायचा नाही, डिझेल असलं म्हणून काय झालं, तळाचा गाळ ढवळला की वाफ सुटते), मग ब्लास्टिंग (बारीक खड्यांचा जोरात मारा करून गंज काढणं) करून अल्ट्रासॉनिकने पत्र्याची जाडी मोजा. डिप पाईपच्या (डिझेलची पातळी मोजायचा रॉड ज्यातून आत सोडतात) बरोबर खाली नीट बघा, रॉड आपटून आपटून तिथं खड्डा पडलेला असतो, आणि तळाला पाणी साचतं तो पट्टा.

जाडी शाबूत आहे, नुसता गंज आणि बारीक पिटिंग (गंजाचे छोटे खड्डे) आहे, तर आतून इपॉक्सीचा कोट मारून भागतं. स्वस्त आणि लवकर होतं. पण ब्लास्टिंग एसए अडीचचं (Sa 2½, म्हणजे गंज जवळजवळ पूर्ण निघून पत्रा उजळ दिसेल इतकं) पाहिजे, वायर ब्रशवर चालत नाही, आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतलं पाणी पत्र्यावर जमतं) किमान 3 अंश वर पाहिजे म्हणजे आपल्याकडं पावसाळ्यात हे काम काढूच नका, दिवाळीनंतर बघा. ब्लास्ट केलेला पत्रा रात्रभर उघडा टाकून सकाळी कोट मारू म्हणणारा कॉन्ट्रॅक्टर तर नकोच.

खड्डे खोल आहेत, एखादं भोक पडलंय, पण बाकी टाकी दणकट आहे, तर बुजवून वर फायबरग्लास. खर्च आणि वेळ दोन्ही जास्त, पण जाड थर बसतो. टाकी पेट्रोलची असेल तर रेझिन कुठलं ते आधी विचारा, ई20 मध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि साधं रेझिन त्यात मऊ पडू शकतं, व्हिनाइल इस्टर किंवा नोव्होलॅक इपॉक्सी घ्या आणि इंधनाचं नाव घालून गॅरंटी लेखी मागा.

एक मात्र आहे, दोन्ही लायनिंग आतूनच, मातीकडून लागलेला गंज चालूच राहतो. पत्रा सगळीकडेच पातळ झालाय तर नवीन डबल वॉल टाकी बसवा, खोदाई आणि पेसोची (स्फोटक आणि पेट्रोलियम सुरक्षा बघणारं केंद्राचं खातं) परवानगी आलीच, पण दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत लीक कळतं. नदीकाठच्या सखल जागेत तिला खाली काँक्रीटला पट्ट्यांनी बांधून घ्या, 2019 ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलेलं आठवत असेलच, जमिनीतलं पाणी चढलं की रिकामी टाकी वर उचलते.

लायनिंग केलं तर इंधन भरायच्या आधी स्वतः हजर राहून हॉलिडे टेस्ट (थरात कुठं बारीक छिद्र राहिलंय का ते विजेच्या यंत्राने तपासणं) करून घ्या, तोवर शेवटचं बिल सोडू नका.