नवा जावा प्रोजेक्ट: मेव्हन की ग्रेडल?

इंटेलिजे या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा प्रोजेक्ट करताना ‘बिल्ड सिस्टिम’ (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणारं साधन) निवडावी लागते. मेव्हन आणि ग्रेडल हे त्यातले दोन पर्याय. फोल्डरांची मांडणी दोन्हींत सारखीच. मेव्हनची सेटिंग्जची एक्सएमएल फाइल लांबलचक, पण नवख्यालाही वाचता येते. तिच्यात जावाची आवृत्ती नोंदवली नाही, तर मेव्हन जुनीच धरतो आणि नव्या सिंटॅक्सवर (भाषेच्या नव्या लेखनपद्धतीवर) कंपायलर अडतो.

ग्रेडलची खोड वेगळी. जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) 21 वर तो चालवायला ग्रेडल 8.5 किंवा पुढची आवृत्ती हवी. रॅपर (प्रोजेक्टसोबत असलेली, ठरावीक ग्रेडल आवृत्ती चालवणारी स्क्रिप्ट) जुना असला की ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन 65’ असा एरर येतो. अशा वेळी जेडीके बदलत बसू नका. रॅपरच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये डिस्ट्रिब्युशन यूआरएलमधला आकडा वाढवा. ज्यांत काहीच बदललं नसेल ती कामं ग्रेडल वगळतो, म्हणून मॉड्यूल (प्रोजेक्टचे वेगवेगळे भाग) बरेच असतील तर तोच घ्यावा. छोट्या प्रोजेक्टला मेव्हन पुरे.