गरम मुठी बंद पडल्या: आतली पट्टी बदलायची की अख्खी मूठच?

उजवी मूठ गार, डावी गरम. स्विच कमी उबेच्या, खालच्या पायरीवर नेला की दोन्ही गार. हे लक्षण ज्यांच्या स्लेडवर, म्हणजे स्नोमोबिलवर, हँडलच्या विजेने तापणाऱ्या मुठींमध्ये दिसलं असेल त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्या स्लेडवर ते तीन हिवाळ्यांपूर्वी दिसलं, मिशिगनमधल्या कॅल्युमेटहून कॉपर हार्बरला जाताना, उणे २० मध्ये. उजव्या हाताचा अंगठा मजेत होता, कारण थ्रॉटलच्या, म्हणजे वेग देण्याच्या, खटक्यातला हीटर वेगळा असतो. उरलेली चार बोटं मात्र लाकडाची झाली होती.

मिशिगन टेक विद्यापीठात शिकायला येऊन इकडेच रमलेली आपली काही मंडळी जुनी, दोरी ओढून सुरू होणारी स्लेड घेतात. माझीही तशीच, बॅटरी नसलेली. हे आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा निर्णय त्या एका गोष्टीवर फिरतो.

खरेदीआधी एक संध्याकाळ मल्टिमीटर घेऊन बसा. बऱ्याच जुन्या स्लेडमध्ये खालच्या पायरीवर दोन्ही मुठी एकामागे एक (सिरीजमध्ये) जोडलेल्या असतात आणि वरच्या पायरीवर शेजारी शेजारी (पॅरललमध्ये). म्हणून एक तुटली की खालच्या पायरीवर दोन्ही मरतात आणि वरच्या पायरीवर एकच जगते. माझं लक्षण नेमकं हेच होतं. कनेक्टर सोडवून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. डाव्या बाजूला मला ८ ओहम मिळाले, उजव्या बाजूला काहीच नाही, म्हणजे परिपथ तुटलेला. मग मीटर तसाच जोडून ठेवून हँडल अगदी हळू या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा. आकडा मध्येच येऊन गेला तर मुठीतली तापणारी पट्टी शाबूत आहे, हँडलच्या मुळाशी वायर मोडली आहे. तिथे डाख द्या, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि वायरला थोडी ढील ठेवून बांधा. मग नवीन काहीच घ्यायला नको. माझ्याकडे हँडल कसंही वळवलं तरी आकडा आला नाही. मोड मुठीच्या आत होती.

आता दोन वाटा उरतात. एक, जुनी मूठ काढून हँडलच्या नळीवर पातळ हीटिंग पट्टी चिकटवायची आणि वर साधी रबरी मूठ चढवायची. दोन, आतच तारा असलेली अख्खी गरम मूठ घ्यायची. मी आधी दुसरी वाट धरली, एक पूर्ण हिवाळा वापरली, मग पहिलीकडे आलो. त्या पट्ट्यांवर आता दोन हिवाळे झालेत.

अख्ख्या मुठीच्या बाजूने जे बोललं जातं ते बरंचसं खरं आहे. तासाभरात बसते. ऊब रबरात सारखी पसरते, कुठे चटका नाही, कुठे गार चट्टा नाही. आत पाणी शिरायची भीती कमी. पकडही चांगली, थोडी जाड असली तरी. पहिल्या दिवशी मी गराजमध्ये इंजिन जरा चढं ठेवून हात लावून पाहिले तेव्हा वाटलं, हे आधीच करायला हवं होतं.

मग ट्रेलवर गेलो. या मुठींसोबत एक बटणाचा कंट्रोलर आला होता: एकदा दाबला की चालू, पुन्हा दाबत गेलं की पायऱ्या बदलतात. तो मोटरसायकल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला असावा. बॅटरी उतरू नये म्हणून व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की तो स्वतःहून बंद होतो. बॅटरीच्या गाडीत हा शहाणपणाच आहे. माझ्या स्लेडमध्ये बॅटरीच नाही, जी काही वीज येते ती इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रणेतून, स्टेटरमधून, आणि इंजिन आयडलवर, म्हणजे गाडी उभी असतानाच्या मंद वेगावर, आलं की व्होल्टेज खाली बसतं. म्हणजे मी थांबलो की कंट्रोलरला वाटायचं बॅटरी मरतेय, आणि तो मुठी बंद करायचा.

थांबावं तर लागतंच. मिशिगनमध्ये ट्रेल रस्त्याला छेदतो तिथे स्नोमोबिल पूर्ण थांबवून मगच ओलांडायची, हा कायदा आहे, आणि तो योग्यच आहे. आमच्या या किविनॉ भागात अशी छेदस्थानं भरपूर. प्रत्येक ठिकाणी तेच: थांबलो, दोन्हीकडे पाहिलं, ओलांडलं, वेग घेतला, आणि पाच मिनिटांनी बोटांनी सांगितलं की ऊब गेली. मग चालत्या स्लेडवर जाड हातमोज्यातून ते छोटं बटण शोधायचं. दिवा लागला की नाही ते उन्हात दिसत नाही. एकदा दाबलं की दोनदा, तेही कळत नाही. कधी सर्वांत खालच्या पायरीवर अर्धा तास काढला, कधी बंदच. बटण शोधण्यासाठी नजर ट्रेलवरून निघते, आणि समोरून वळणावर कोणी येत असेल तर तो क्षण महागात पडू शकतो. माझं मन त्या मुठींवरून उडालं ते थंडीमुळे कमी, या बटणामुळे जास्त.

एखाद्या ठिकाणी वर्षात चारदा स्लेड चालवायची असेल तर एवढं मनावर घेतलं नसतं. आमच्याकडे लेक सुपिरिअरवरून येणारा बर्फ मोसमभर थांबत नाही. मोहॉकच्या पुढे महामार्गालगत जो उंच बर्फमापक उभा आहे, त्यावर १९७८-७९ च्या हिवाळ्याची खूण ३९०.४ इंचांवर आहे, जवळजवळ दहा मीटर. इतकी उंची रोजची नाही, पण मोसम लांब आहे, आणि छोटा त्रास लांब मोसमात मोठा होतो.

पट्टीच्या संचात असलं डोकं काही नाही. तीन जागांचा साधा खटका: वर, मध्ये बंद, खाली. हातमोज्यातून अंगठ्याने ढकलता येतो आणि कुठे आहे ते न बघता कळतं. आयडलवर व्होल्टेज पडलं की पट्टी बंद होत नाही, फक्त मंद होते. हिशेबच बघा: ८ ओहमच्या पट्टीला साडेतेरा व्होल्ट मिळाले तर साधारण २३ वॉट, नऊ मिळाले तर दहा वॉट. निघालात की ती पुन्हा तापते, तुम्हाला काही करावं लागत नाही. माझ्या संचात खालच्या पायरीवर दोन्ही पट्ट्या एकामागे एक येतात, म्हणून प्रत्येकीला अर्धं व्होल्टेज आणि चौथाई ऊब मिळते. शून्य अंशाच्या आसपास, दमट हवेत, तेवढी बास.

पट्टीचे तोटेही सांगायला हवेत, नाहीतर ही तुलना होणार नाही. बसवायला एक पूर्ण संध्याकाळ जाते. जुनी मूठ सुरीने कापूनच काढावी लागते, हवेचा कंप्रेसर असेल तर गोष्ट वेगळी. नळी अॅल्युमिनियमची असेल तर ती ऊब अक्षरशः पिऊन टाकते, म्हणून पट्टीखाली आधी हीट श्रिंक नळीचा एक थर द्या. मी पहिल्या वेळी दिला नाही आणि आठ दिवसांत सगळं काढून पुन्हा केलं. पट्टीखाली हवेचा फुगा राहिला तर तिथे ती जास्त तापते. आणि खरा धोका मूठ चढवताना असतो: पिळत ढकलली तर पट्टी सरकते, कधी फाटते. मूठ कोमट पाण्यात मऊ करून, आतून नीट पुसून, ग्रिपचा गोंद लावून एका सरळ दमात ढकलायची. वायर थ्रॉटलच्या बाजूला कुठून बाहेर काढायची ते आधी कोरडं ठेवून बघा. गोंद लावल्यावर थ्रॉटलचा खटका दाबून सोडा. तो स्वतःहून पूर्ण मागे आला पाहिजे. वायर त्याच्या वाटेत आली तर तिथेच थांबा आणि पुन्हा मांडा.

ऊबेच्या दर्जात मला अख्खी मूठ अजूनही थोडी सरस वाटते. माझा नाशिकचा एक मित्र मिनेसोटात असतो, त्याची स्लेड फोरस्ट्रोक आहे, बटणाने सुरू होणारी, बॅटरी असलेली. त्याने अख्ख्या मुठी लावल्यात आणि त्याला कंट्रोलरने एकदाही छळलं नाही. तुमची गाडी तशी असेल तर त्याचं ऐका, माझं नाही. दोरी ओढायची स्लेड असेल आणि तरीही अख्खीच मूठ हवी असेल, तर कंट्रोलरऐवजी साध्या खटक्यावर चालणारा संच शोधा. तसे मिळतात. मी तेव्हा शोधला नव्हता. आज घ्यायचं झालं तरी माझा हात पट्टीकडेच जाईल असं वाटतं, कारण एक पट्टी गेली तर मी तेवढीच बदलू शकतो.

दोन्हींपैकी काहीही घ्या, हँडलवरची वाराआड कापडी खोळ आधी लावा. वारा थेट बोटांवर येत असेल तर २३ वॉट कुठे गेले ते कळत नाही.

आणि विकत घेताना एक गोष्ट विचाराच: संच मोटरसायकलचा आहे की स्नोमोबिलचा. मोटरसायकलला उजवीकडे थ्रॉटलची फिरणारी प्लॅस्टिक नळी असते. म्हणून अख्ख्या मुठीत उजवीचं भोक मोठं येतं आणि ती आपल्या २२ मिलिमीटरच्या नळीवर सैल बसते. पट्ट्यांमध्येही कधी दोन बाजूंचे ओहम मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात, कारण तिथे प्लॅस्टिकमुळे उजवी बाजू कमी ऊब गमावते. आपल्याकडे दोन्ही बाजूंना सारखीच उघडी नळी आहे. पाकीट उघडलं की चिकटवण्याआधी दोन्ही पट्ट्या मीटरवर धरून बघा. आकडे जुळले नाहीत तर संच तसाच परत करा.