‘महाबळेश्वरचं रोप’ म्हणून दारात येणारी स्ट्रॉबेरी

जानेवारी-फेब्रुवारीत बेळगावात टिळकवाडी, हिंदवाडीच्या गल्ल्यांतून रोपांचा टेम्पो फिरतो. काळ्या पिशवीत स्ट्रॉबेरीचं रोप, त्याला दोन-तीन लालबुंद फळं, आणि वर हमी: ‘महाबळेश्वरचा माल आहे मावशी, महिन्याभरात वाटीभर फळं निघतील.’ फळं बघून लोक चार-पाच पिशव्या उचलतात. आठवड्यात पानं माना टाकतात, थोड्या दिवसांत रोप वाळतं आणि टेम्पोवाल्याचा फोन लागत नाही. मग पाणी कमी पडलं की जास्त झालं, यावर घरात वाद. खरं तर रोप दारात आलं तेव्हाच संपलेलं होतं.

शेतात फळं देऊन दमलेलं रोप उपटायचं, लांब मुळं छाटायची, तांबड्या मातीत खुपसायचं, एवढंच यात केलेलं असतं. थंडीत फळं दोन-चार दिवस टवटवीत राहतात, तेवढ्यात विक्री उरकते. ओळखायचं कसं? पानं जिथून फुटतात तो गाभा दोन बोटांत धरून रोप हलकेच वर उचला. पिशवीतच वाढलेलं असेल तर मातीचा गड्डा सोबत येतो, खुपसलेलं असेल तर माती सोडून अलगद सुटतं. पिशवीच्या भोकांशी पांढरी कोवळी मुळं दिसायला हवीत. मुळं काळी पडलेली आणि गाभा लाकडासारखा, वाळक्या देठांच्या खुंटांनी भरलेला असेल, तर फुकट मिळालं तरी घेऊ नका. मेलेल्या रोपाचा गाभा उभा चिरून बघा. आत पांढरट हवा. तांबूस-तपकिरी पट्टे दिसले तर ती बहुधा बुरशीची कूज. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

रोप चांगलं असलं तरी महिना चुकीचा. आपल्याकडे लावतात त्या स्वीट चार्ली, कॅमारोसा, विंटर डॉन या जातींना कळी धरायला लहान दिवस आणि गार रात्री लागतात. पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात लावणी, दीड-दोन महिन्यांत फुलं, पुढे फेब्रुवारी-मार्चपर्यंत फळं. नंतर बेळगावचं ऊन तापलं की खेळ आटोपतो. फेब्रुवारीत फळासकट रोप घेणं म्हणजे निकाल लागल्यावर क्लास लावणं. ‘बारमाही हायब्रीड’ असं सांगणाऱ्याला जातीचं नाव विचारा. हायब्रीड हे जातीचं नाव नव्हे. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते तिथं पिकलेल्या फळाला. टेम्पोतल्या रोपाला त्याचा काही आधार नाही.

घ्यायचं रोप बिनफळाचं, तीन-चार निरोगी पानांचं, पेन्सिलीएवढ्या जाड गाभ्याचं असावं. आठ इंची कुंडीत एकच. खानापूरकडची तांबडी माती, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट समान घ्या. काळी माती नको, पाणी धरून ठेवते. गाभा मातीच्या बरोबरीला ठेवा. पुरला तर कुजतो, उघडा राहिला तर सुकतो. फळं मातीला टेकू नयेत म्हणून खाली भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, अंथरा.

जून-जुलैत दुसरा प्रकार येतो. हिरवंगार, पसरणारं, तीन पानांचं रोप, त्याला लाल गोल फळं. फूल बघा. पिवळं असेल तर ती नकली स्ट्रॉबेरी. खऱ्या खाऊच्या स्ट्रॉबेरीचं फूल पांढरं, क्वचित शोभेच्या जातीत गुलाबी, पिवळं कधीच नाही. नकलीचं फळ देठावर ताठ उभं असतं, विषारी नाही, पण चवीला नुसतं पाणी.

ऑनलाइन बियांच्या पाकिटांबद्दल फार लिहायला नको. निळी स्ट्रॉबेरी जगात नाही, ती फोटोत रंगवलेली असते. खरं बी खसखशीएवढं बारीक असतं आणि उगवायला दोन ते सहा आठवडे घेतं. माल परत करायची मुदत त्याआधीच संपते, विकणाऱ्याचं सगळं गणित त्यावरच. शिवाय स्वीट चार्लीचं बी पेरून स्वीट चार्ली मिळत नाही. ती जात धावत्या फुटव्यांवरच, म्हणजे रनरवरच, टिकते. पाकिटावर लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी आणि चाचणीची तारीख नसेल तर हात लावू नका.

बिल कन्नडमध्ये असो की इंग्रजीत, त्यावर जातीचं नाव आणि तारीख लिहून घ्या. टेम्पोवाला बिल देत नसेल तर टेम्पोच्या नंबरासकट रोपाचा फोटो काढा आणि पैसे फोनवरून द्या, म्हणजे खात्याचं नाव राहतं. दुकान किंवा ऑनलाइन विक्रेता दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. लिंक पाठवून आगाऊ पैसे उकळले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा, आणि तोही त्याच दिवशी.