बाथरूमला डब्ल्यूपीसी, मेन डोअरला फ्लश डोअर: दोन पावसाळे काढल्यावर लिहितेय

आम्ही मुलुंडला राहतो, बिल्डिंग २२ वर्षं जुनी, आणि दरवाजे बदलायचे हे घरात निदान पाच वर्षं नुसतं चाललं होतं. शेवटी गेल्याच्या गेल्या वर्षी मे महिन्यात दोन दरवाजे केले, एक बाथरूमचा आणि एक मेन डोअर. लगेच लिहिलं नाही कारण नवीन दरवाजा मे महिन्यात सगळ्यांचाच छान बंद होतो. मुंबईत दरवाजाची परीक्षा जुलैमध्ये होते, कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात तेव्हा.

आधी बाथरूमचं सांगते. जुना दरवाजा लाकडी होता, आतून खाली अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकलेला, जसा अर्ध्या मुंबईत असतो. आम्हाला वाटायचं पत्रा आहे म्हणजे लाकूड सेफ आहे. काढताना बघितलं तर पत्र्याच्या मागे लाकडाचा नुसता भुगा! खिळ्यांच्या भोकांतून आणि पत्र्याच्या कडेतून पाणी आत जात होतं आणि पत्र्यामुळेच ते वाळत नव्हतं, म्हणजे ज्याच्या भरवशावर राहिलो त्यानेच कुजवलं. तुमच्याकडे असा पत्रा असेल तर खालची कड एकदा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, मऊ लागली तर वरून रंग मारण्यात पैसे घालू नका.

नवीन घेताना तीन पर्याय होते. पोकळ पीव्हीसीचा सगळ्यात स्वस्त, पण शेजारी बसवलेला बघितलाय, बिजागऱ्यांचे स्क्रू धरत नाहीत आणि दरवाजा लोंबतो. परत लाकडाचाच, म्हणजे फ्लश डोअर (आत लाकूड भरून दोन्ही बाजूंना प्लाय चिकटवलेला सपाट दरवाजा) घ्यायचं मन होईना. म्हणून डब्ल्यूपीसी घेतला, लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेलं भरीव बोर्डासारखं असतं ते, ३० एमएम जाडीचा. दोन पावसाळे झाले, दिवसातून चार आंघोळी, गरम पाण्याची वाफ, तरी फुगलेला नाही, खालची कड जशीच्या तशी आहे, आणि वाळवीचा प्रश्नच नाही. मी याला मनापासून पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो वजनासाठी, चांगलाच जड असतो, आमच्या सुतारकाकांनी तीनऐवजी चार बिजागऱ्या लावायला लावल्या, त्याही स्टीलच्या ३०४ ग्रेडच्या, साध्या लोखंडी लावल्या तर बाथरूममध्ये गंज ठरलेला. आणि स्क्रू मारायच्या आधी बारीक भोक पाडून घ्यायचं, मशीनने दणादण आवळायचा नाही, आवळला की आतला माल सुटतो आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. हे काम करणाऱ्या माणसाला माहीत आहे का ते आधी विचारा. चौकट आमची ग्रॅनाइटची आहे म्हणून तीच ठेवली, लाकडी असती तर तीही बदलावी लागली असती.

आता मेन डोअर, आणि यात मला खरं बोलायचंय.

जुना दरवाजा दर पावसाळ्यात अडकायचा. एका जुलैमध्ये सासऱ्यांनी कंटाळून रंधा मारून घेतला, महिनाभर मस्त लागला आणि जानेवारीत फटीतून जिन्यातला लाइट घरात दिसायला लागला. लाकूड पावसात रुंदीला फुगतं आणि थंडीत परत आक्रसतं, उंचीला जवळजवळ काहीच फरक पडत नाही, म्हणून फुगलेल्या दिवसांत तासायचं नाही, दिवाळीपर्यंत थांबायचं. तोवर आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बघा, कारण दरवाजा ओढला जातो तो तिच्यावरच, आणि ते ढिले झाले की दरवाजा खाली बसून उंबरठ्याला घासतो आणि आपण दोष पावसाला देतो.

नवीन फ्लश डोअर दक्षिण मुंबईत सी. पी. टँकला दुकानं फिरून घेतला. तिथे प्रत्येक जण लॅमिनेटचा कॅटलॉग उघडतो, डिझाइनवर डिझाइन, पण दरवाजाची कड कोणी दाखवत नाही, आपणच मागायची. बीडब्ल्यूपी लिहिलेला आणि आयएस २२०२ चा (फ्लश डोअरचं भारतीय मानक) शिक्का असलेला घेतला. बीडब्ल्यूपी म्हणजे उकळत्या पाण्यातही गोंद सुटत नाही असा, पण गोंद सुटत नाही म्हणजे लाकूड पाणी पीत नाही असं नाही! हा फरक मला काकांनी समजावला. दुसरं विचारायचं ते लॉकचं, आत भरीव ठोकळा एका बाजूला आहे की दोन्हीकडे, नाहीतर मॉर्टिस लॉकसाठी (दाराच्या कडेत आत बसणारं लॉक) कोरताना पटाशी भलत्याच जागी जाते.

माप काकांनी वर, मध्ये आणि खाली तीन ठिकाणी घेतलं आणि मग कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं पण घेतलं. चौकट वरच्यापेक्षा खाली दोन सूत कमी निघाली, म्हणजे पाव इंच. आधी एका दुकानाचा माणूस येऊन फक्त मधलं माप घेऊन गेला होता, ती ऑर्डर दिली असती तर पहिल्याच दिवशी तासातासी. दरवाजा सात फुटी, लिफ्टमध्ये जाईना, तीन मजले दोघांनी जिन्यावरून चढवला, ती मजुरी आधीच ठरवून ठेवा म्हणजे खाली उभं राहून वाद होत नाही.

बसवायच्या आधी काकांनी दरवाजा दोन स्टुलांवर आडवा टाकला आणि वरच्या आणि खालच्या कडेला प्रायमर मारला, वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन हात. मी म्हटलं, "काका, हे कोणाला दिसणारे?" तर म्हणाले, "ताई, दरवाजा खालून पितो. तोंडाला तुम्ही सनमायका लावलाय, पाय उघडे ठेवून कसं चालेल?" त्यासाठी एक अख्खा दिवस जास्त गेला आणि त्या रात्री आम्ही नुसत्या जाळीच्या सेफ्टी डोअरवर काढली, सासूबाई रात्रभर जाग्या होत्या. पण दोन पावसाळ्यांत हा दरवाजा एकदाही अडकला नाही, आणि मला खात्री आहे की ते त्या दोन कडांमुळे आणि दोन्ही बाजूंना सोडलेल्या एकेक सुताच्या फटीमुळे आहे. एकाच बाजूला लॅमिनेट लावून आत नुसता रंग देण्याचा स्वस्तातला सल्ला पण काकांनी ऐकू दिला नाही, दोन बाजू वेगवेगळा ओलावा घेतात आणि दरवाजा वाकतो म्हणे.

तुमच्या घरातल्या दाराची खालची कड बघायची असेल तर मोबाइलचा कॅमेरा चालू करून दाराखाली सरकवा आणि फोटो काढा. आमच्या बेडरूमच्या दाराचा काढला, कोरं लाकूड, रंगाचा एक थेंब नाही. १५ वर्षं तसाच.

मेंटेनन्स फार नाही. मेच्या शेवटी सगळ्या बिजागऱ्यांचे स्क्रू आवळते, ज्याचं भोक सैल झालंय त्यात फेव्हिकॉल लावून आगकाडीचे तुकडे ठोकून रात्रभर ठेवायचं आणि मग परत स्क्रू. लॉकमध्ये खोबरेल तेल घालू नका, आमच्याकडे वर्षानुवर्षं घालायचे, धूळ चिकटून किल्ली अडकते, ग्रॅफाइटची पावडर मिळते ती घाला. आणि लादी पुसणाऱ्या मावशींना सांगितलंय की पिळलेलं फडकं दाराच्या पायाला टेकवून ठेवायचं नाही.

बेडरूमचा दरवाजा दिवाळी झाल्यावर उतरवणार आहोत, काकांना आत्ताच सांगून ठेवलंय कारण नोव्हेंबरात ते लग्नाच्या घरांच्या कामांत अडकतात.