शेजार-सुरक्षा सेवा : पाहणीला पूर्ण गुण, ॲपला काठावर पास

शेजाऱ्यांनी एकत्र येऊन आपल्या परिसराची राखण करावी, ही कल्पना जुनीच आहे. मात्र ती वार्षिक वर्गणी भरून तयार सेवेच्या रूपात घेता येते, हे आमच्या रहिवासी संघाला अलीकडेच कळले. संघाने अशी एक सेवा घेतली आणि सुरक्षा समितीची सदस्य या नात्याने तिचे सर्व भाग मला जवळून पाहता आले. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण याच धर्तीच्या सेवा आता अनेक जण विकतात आणि पुढे लिहिलेले गुणदोष कमीअधिक प्रमाणात त्या सर्वांना लागू पडतील. सेवेचे भाग चार : परिसराची पाहणी, रहिवाशांचे प्रशिक्षण, सूचनांसाठीचे मोबाइल ॲप आणि दर तिमाहीची आढावा बैठक. जाहिरातीत सर्वांत ठळक ॲप असते आणि पाहणीचा उल्लेख जाता जाता येतो. प्रत्यक्षात पैसे वसूल होतात ते पाहणीतच.

पाहणीसाठी कंपनीची दोन माणसे आली ती दिवसा नव्हे, अंधार पडल्यावर. सोबत समितीचे पदाधिकारी नकोत, वेगवेगळ्या वयाचे आणि वेगवेगळ्या वेळी ये-जा करणारे रहिवासी हवेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे एक निवृत्त गृहस्थ, रात्रपाळीहून परतणारी एक परिचारिका, शिकवणीला जाणारी दोन मुले आणि एक तरुण आई असा आमचा जथा निघाला. त्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : ‘‘चालता चालता तुमची पावले आपोआप कुठे झपाझप पडू लागतात?’’ परिचारिकेने क्षणाचाही विचार न करता पंपघराजवळचे वळण दाखवले. तिथे दिवा होता, चांगला लखलखीत होता, पण झाडाची एक फांदी त्याच्या आड आल्यामुळे उजेड पानांवर सांडत होता आणि खालची वाट काळोखात होती. दिवा लागतो की नाही, हे संघाचा कर्मचारी नियमाने तपासत असे. उजेड कुठे पडतो, हे मात्र कोणीच पाहिले नव्हते. पाहणी करणाऱ्याने आम्हाला त्याच जागी उभे करून आजूबाजूच्या इमारतींकडे पाहायला सांगितले. त्या वळणावर नजर ठेवू शकेल अशी एकही उघडी खिडकी नव्हती, कारण त्या बाजूच्या सगळ्या खिडक्या रहिवाशांनी पत्रे लावून बंद केल्या होत्या.

पुढे मागच्या भिंतीशी रंगकाम करणाऱ्यांची शिडी आडवी पडलेली दिसली, ती पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत सहज पोहोचेल एवढी लांब होती. तळमजल्यावरील एका घराच्या सरकत्या खिडकीची कडी लावलेली होती. घरमालकाच्या परवानगीने पाहणी करणाऱ्याने काचेची चौकट दोन्ही हातांनी वर उचलली, किंचित तिरकी केली आणि ती कडीसकट खाचेतून अलगद बाहेर काढून दाखवली. घरमालक अवाक झाले. त्यावर सुचवलेला उपाय तितकाच साधा होता. वरच्या खाचेत एकदोन स्क्रू असे बसवायचे की चौकट उचलायला जागाच उरणार नाही, आणि खालच्या खाचेत मापाची लाकडी पट्टी आडवी टाकायची, म्हणजे ती सरकणारही नाही.

लेखी अहवालही वाखाणण्याजोगा आहे. छायाचित्रांसह दिलेल्या प्रत्येक त्रुटीपुढे ती कोणी दूर करायची, म्हणजे घरमालकाने, संघाने की स्थानिक प्रशासनाने, हे स्पष्ट लिहिलेले होते, त्यामुळे नेहमीचे ‘बघू, करू’ थांबले. उजेडाला अहवालात अग्रक्रम मिळाला आणि ते योग्यच होते. रस्त्यांवरील दिव्यांविषयी २००८ साली झालेल्या एका एकत्रित आढाव्यात, दिवे सुधारलेल्या भागांत इतर भागांच्या तुलनेत गुन्ह्यांमध्ये सरासरी २१ टक्के घट आढळली होती, तर न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सार्वजनिक गृहसंकुलांत केलेल्या प्रयोगात रात्रीच्या वेळी उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाले. पहिल्या आढाव्यातील एक निष्कर्ष अधिक विचार करायला लावणारा आहे : दिव्यांमुळे केवळ रात्रीचे नव्हे, दिवसाचे गुन्हेही घटले. दिवसा दिव्याचा उपयोग नसतो, हे उघड आहे. तेव्हा परिसराकडे कोणाचे तरी लक्ष आहे, ही जाणीवच तिथे काम करत असावी, असे आढावा घेणाऱ्यांनी सुचवले.

अहवालाची शेवटची दोन पाने मात्र खटकली. तिथे कॅमेऱ्यांची लांबलचक यादी जोडलेली होती आणि इतका वेळ सल्लागार असलेल्या माणसाचा तिथे विक्रेता झाला होता. सीसीटीव्हीविषयी चार दशकांतील अभ्यासांचा जो आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात सरासरी घट सुमारे १३ टक्के दिसते. ती सर्वांत ठळक होती वाहनतळांवर, आणि जिथे पडद्यासमोर माणूस बसून सक्रिय देखरेख करतो तिथे परिणाम अधिक होता. नुसते चित्रण साठवणारा कॅमेरा चोरी झाल्यावर पोलिसांच्या उपयोगी पडू शकतो, परंतु चोरी टाळण्याच्या नावाखाली तो विकणे प्रामाणिकपणाचे नाही. आम्ही वाहनतळापुरते कॅमेरे घेतले आणि बाकीची यादी बाजूला ठेवली.

प्रशिक्षणाचा पूर्वार्ध कंटाळवाणा होता. अमेरिकेत शेरीफांच्या, म्हणजे परगण्यांच्या पोलीसप्रमुखांच्या, राष्ट्रीय संघटनेने १९७२ साली शेजार-पहाऱ्याचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला, ब्रिटनमध्ये १९८२ साली चेशर परगण्यातील मॉलिंग्टन या गावी पहिली योजना उभी राहिली, हा इतिहास दहा मिनिटांत आटोपण्याजोगा असताना त्यावर अर्धे सत्र खर्ची पडले. उत्तरार्धात मात्र प्रशिक्षक इंग्लंडमधील रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीकडे वळले आणि सभागृहातील चुळबूळ थांबली.

१९८०च्या दशकाच्या मध्यावर कर्कहोल्टमध्ये घरफोड्यांचे प्रमाण फार मोठे होते. चौकशी करता असे दिसले की एकदा फोडलेले घर पुन्हा फोडले जाण्याची शक्यता इतर घरांपेक्षा कितीतरी जास्त असते. चोराला वाट माहीत झालेली असते आणि गेलेल्या वस्तूंच्या जागी नव्या आल्या असणार, हेही त्याला ठाऊक असते. म्हणून सगळ्या वसाहतीवर सारखीच पाळत ठेवण्याऐवजी ज्या घरात चोरी झाली त्याच्या लगतच्या पाच-सहा घरांना, तेवढ्यापुरते लक्ष ठेवाल का, असे विचारण्यात आले. त्याच वेळी घराघरांतील नाणी टाकून चालणारे गॅस आणि विजेचे मीटर काढण्यात आले, कारण त्यांत साठणारी रोकड हेच चोरांचे एक मोठे आमिष होते. तीन वर्षांत घरफोड्या सुमारे तीन-चतुर्थांशाने घटल्या. लगतच्या घरांनी लक्ष ठेवण्याची, ‘कोश’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत कंपनीने आपल्या सेवेत जशीच्या तशी घेतली आहे आणि सेवेच्या सर्व घटकांत मला ती सर्वांत शहाणपणाची वाटते. सगळ्यांनी सदासर्वकाळ जागे राहावे, ही अपेक्षा पहिल्या पंधरवड्यात कोलमडते. सहा घरांनी दीड महिना लक्ष ठेवावे, ही विनंती माणसे मनापासून पाळतात. आमच्याकडे एका घरात चोरी झाल्यावर समोरच्या, वरच्या आणि बाजूच्या घरांनी आपापसांत वेळा वाटून घेतल्या. एरवी जिन्यात नुसती मान हलवणारी ही मंडळी त्या निमित्ताने एकमेकांचे फोन क्रमांक मागून घेताना मी पाहिली आहेत.

प्रशिक्षणात आणखी एक गोष्ट निक्षून सांगण्यात आली आणि तिचे श्रेय प्रशिक्षकांना द्यायलाच हवे : पाहावे, नोंदवावे, पोलिसांना कळवावे, पाठलाग करू नये, अडवू नये, हातात काही घेऊन गस्तीला निघू नये. फ्लोरिडातील सॅनफर्ड येथे फेब्रुवारी २०१२ मध्ये पहाऱ्याच्या स्वयंसेवकाने एका सतरा वर्षांच्या निःशस्त्र मुलाला संशयावरून गोळी घातली. मुलामागे जाण्याची गरज नाही, असे पोलिसांच्या दूरध्वनी कक्षाने त्याला त्याआधी सांगितले होते. पुढच्या वर्षी न्यायालयात तो निर्दोष ठरला, तरी उत्साही शेजारी किती थराला जाऊ शकतो, याचे ते उदाहरण जगभर चर्चिले गेले. आमच्यातील काही तरुणांना काठ्या आणि शिट्ट्या घेऊन फिरायचे होते. त्या सत्रानंतर ती मागणी आपोआप विरली.

एवढे जबाबदार प्रशिक्षण देणारी कंपनी असे बेजबाबदार ॲप कसे तयार करते, हे मला उलगडलेले नाही. ॲप उघडताच एक मोठे लाल बटण दिसते. ते दाबून छायाचित्र काढले की ‘संशयास्पद व्यक्ती’ या शीर्षकाखाली ते परिसरातील प्रत्येक सदस्याच्या फोनवर जाते. ती व्यक्ती नेमके काय करत होती, हे लिहिण्याची सक्ती नाही. व्यक्तीवर नव्हे, कृतीवर लक्ष ठेवा, हे प्रशिक्षणातील पहिलेच वाक्य ॲपने पहिल्याच पडद्यावर मोडीत काढलेले आहे. परिणाम व्हायचा तोच झाला. मीटर वाचायला आलेला माणूस, पार्सल घेऊन दारांवरचे क्रमांक शोधणारा मुलगा, चुकीच्या मजल्यावर उतरलेले पाहुणे, सगळेच संशयित ठरले. एक तरुण इमारतीखाली बराच वेळ थांबलेला दिसला म्हणून त्याचा फोटो सर्वत्र गेला. तो वरच्याच मजल्यावरील एका मुलीला तबला शिकवायला येणारा शिक्षक निघाला. त्याची क्षमा मागितली गेली, पण पाठवलेला फोटो परत घेण्याची सोय ॲपमध्ये नसल्यामुळे तो आजही अनेक फोनांत आहे. या दोषाची जाणीव या व्यवसायाला नव्याने व्हावी, असेही नाही. नेक्स्टडोअर या अमेरिकी शेजार-संपर्क ॲपवर, वर्ण पाहून माणसांना संशयित ठरवले जाते, अशा तक्रारी झाल्या, तेव्हा त्याने २०१६ साली गुन्ह्यासंबंधीच्या नोंदीचा अर्जच बदलला आणि संशयाचे कारण ठरलेली कृती तसेच वर्णाखेरीज इतर तपशील विचारायला सुरुवात केली. आमच्या कंपनीकडे तशीच मागणी केली असता ‘सूचना विचाराधीन आहे’ असे छापील उत्तर आले.

ॲपचा दुसरा दोष खात्यांच्या मोजणीत आहे. खाते दर घरामागे मिळते. त्यामुळे फाटकावरचा सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी आणि घरकामाला येणाऱ्या बायका या व्यवस्थेबाहेरच राहतात. कोणते कुलूप किती दिवस लागलेले आहे, कोणत्या वाहनाला इथे नेहमी जागा मिळते, कोण कोणाकडे येते, हे ज्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असते, त्यांनाच वगळून सुरक्षा उभारायची, हा उफराटा कारभार आहे. शिवाय त्याच माणसांचे फोटो त्यांच्या अपरोक्ष त्या ॲपवर फिरतात, ही गोष्ट मला व्यक्तिशः अतिशय अप्रशस्त वाटते. ज्या ज्येष्ठांकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी साध्या संदेशाची सोय आहे, तेवढी कामाची आहे.

तिमाही बैठकीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पहिल्या बैठकीत कंपनीने ॲपवरील सूचनांचा चढता आलेख मांडून त्याला यश म्हटले. सूचना वाढणे म्हणजे सुरक्षा वाढणे नव्हे. तबल्याच्या शिक्षकांची नोंदही त्या आलेखात असणारच. शेजार-पहाऱ्याच्या योजनांचा २००८ सालचा एकत्रित आढावा गुन्ह्यांत १६ ते २६ टक्के घट दाखवतो, मात्र ती नेमकी कशामुळे होते, याचे ठाम उत्तर त्यातून मिळत नाही. शिकागोतील ३४३ विभागांच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने एक दुवा पुरवला आहे : जिथे रहिवाशांचा एकमेकांवर विश्वास होता आणि गरज पडल्यास शेजारी मध्ये पडतील, अशी खात्री होती, तिथे हिंसक गुन्हे कमी होते, आणि तेथील गरिबी वगैरे बाबी हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. तेव्हा आढावा घ्यायचाच असेल, तर अहवालातील किती कामे पूर्ण झाली, प्रशिक्षणाला किती नवी माणसे आली, आपल्या जिन्यातील सर्वांची नावे किती जणांना सांगता येतात, असे प्रश्न विचारावेत. दुसऱ्या बैठकीपासून आम्ही हाच नमुना स्वतः तयार करून कंपनीपुढे ठेवला आणि तो त्यांनी फारशी खळखळ न करता स्वीकारला, हे नमूद करायला हवे.

सेवेच्या वार्षिक नूतनीकरणाच्या वेळी आम्ही पाहणी, प्रशिक्षण आणि कोश-पद्धती एवढेच भाग मागितले. असे सुटे भाग देता येत नाहीत, असे प्रथम सांगण्यात आले. लेखी आग्रह धरल्यावर ते देता येऊ लागले. ॲप बंद केल्यानंतर निकडीच्या सूचनांसाठी प्रत्येक जिन्यातील दोघांचे क्रमांक फाटकावर लावलेले आहेत आणि त्यांत सुरक्षारक्षकांचेही आहेत. ज्यांना ही किंवा अशी सेवा घ्यायची असेल, त्यांनी करारात दोन कलमे आधीच घालून घ्यावीत : साठवलेली छायाचित्रे किती दिवसांत पुसली जातील आणि घरांमागे नव्हे, तर परिसरात काम करणाऱ्या प्रत्येकामागे खाते मिळेल का. पहिले कलम आम्हाला नूतनीकरणाच्या करारात मिळाले आहे आणि जुनी छायाचित्रे पुसल्याचे पत्र कंपनीकडून येणे बाकी आहे. दुसऱ्याविषयीचा पत्रव्यवहार अद्याप चालू आहे.