ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे, काउंटी मेयो: अकिलहून निघा, न्यूपोर्टला थांबा

वेस्टपोर्ट ते अकिल बेट हा ४२ किलोमीटरचा सायकलमार्ग आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. मार्ग फुकट, पैसे लागतात ते भाड्याच्या सायकलीचे आणि सायकलींसह माणसं पोचवणाऱ्या, सायकल-दुकानाच्या शटलगाडीचे. शटलचे पैसे वाचवून वेस्टपोर्टहून जाऊन-येऊन करायचा बेत आखू नका, ८४ किलोमीटर होतात आणि परतीच्या वाटेवर कशाकडेच बघवत नाही.

इथला वारा बहुतेकदा नैर्ऋत्येकडून, अटलांटिकवरून येतो. म्हणून शटलने आधी अकिलला जायचं आणि वारा पाठीशी घेऊन परतायचं. दुकानदारही हेच सुचवतात. ते सहसा सांगत नाहीत ती गोष्ट अशी, की न्यूपोर्टनंतर मार्ग दक्षिणेला वळतो. मग तोच वारा कुशीतून आणि समोरून लागतो, चढउतारही वाढतात आणि बराच वेळ एन-५९ महामार्गाच्या गाड्यांचा आवाज सोबत असतो. हे शेवटचे ११ किलोमीटर सोडले तरी काही बिघडत नाही. न्यूपोर्टहून परत नेणारी गाडी सकाळीच ठरवून ठेवा आणि शेवटची गाडी किती वाजता सुटते ते विचारा.

अकिल ते मलरॅनी १३ किलोमीटर, मलरॅनी ते न्यूपोर्ट १८. पहिला टप्पा सोपा आणि सर्वात देखणा. मलरॅनीला पोचलात की उजवीकडे क्लू बे ही खाडी दिसते, पलीकडे ७६४ मीटर उंचीचा क्रो पॅट्रिक डोंगर. जुलैच्या शेवटच्या रविवारी त्यावर यात्रेकरूंची रांग लागते, काही जण अनवाणी चढतात. खाडीतली बेटं म्हणजे हिमयुगात हिमनदीने रचलेल्या मातीच्या टेकड्या, नंतर समुद्राने वेढलेल्या. नीट पाहिलंत तर समुद्राकडची बाजू लाटांनी कापून कडा झालेली दिसते आणि जमिनीकडची उतरती, हिरवी.

हा मार्ग मुळात मिडलंड ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा. अकिलपर्यंत गाडी रीतसर सुरू झाली १८९५ मध्ये. त्याच्या आदल्या जूनमध्ये स्कॉटलंडला शेतमजुरीसाठी निघालेली अकिलची ३२ माणसं, बहुतेक तरुण पोरं-पोरी, क्लू बेमध्ये होडी उलटून बुडाली. त्यांचे मृतदेह या अजून खुल्या न झालेल्या मार्गानेच घरी आले. सप्टेंबर १९३७ मध्ये स्कॉटलंडच्या कर्किंटिलॉकला बटाटे काढायला गेलेले अकिलचे दहा मुलगे आगीत गेले. त्यांच्या शवपेट्याही रेल्वेने आल्या आणि दोन आठवड्यांत मार्ग कायमचा बंद झाला. दोन्ही वेळचे मृत किलडाउनेटच्या दफनभूमीत आहेत. ती बेटावर आहे, ग्रीनवेवर नाही. जायचं तर सुरुवातीलाच वेळ काढा. कीमचा प्रसिद्ध किनारा मात्र त्याच दिवशी जमणार नाही, बेटाच्या पुलापासून तो आणखी वीस किलोमीटरहून दूर आहे.

मलरॅनीला रेल्वे कंपनीने १८९७ मध्ये बांधलेलं हॉटेल अजून चालू आहे. खायला थांबायचं तर इथे, न्यूपोर्ट अजून १८ किलोमीटर आहे. शाकाहारी मंडळींनी भाज्यांचं सूपही कशाच्या पाण्यात शिजवलंय ते विचारावं, बऱ्याचदा कोंबडीचं असतं. न्यूपोर्टच्या अलीकडे थोडी वाट वाकडी करून रॉकफ्लीटचा चार मजली बुरूज बघता येतो. समुद्रावर हुकूमत गाजवणारी आणि १५९३ मध्ये थेट राणी एलिझाबेथला जाऊन भेटलेली ग्रेस ओमॅली इथे राहायची. न्यूपोर्टमध्ये लाल दगडाच्या सात कमानींचा रेल्वेपूल आहे.

सायकल हायब्रिडच घ्या, म्हणजे रस्ता आणि खडी दोन्हींवर चालणारी. बारीक खडीवर बारीक टायरची रेसिंग सायकल त्रास देते. निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक, गिअर आणि सीटची उंची तपासा. ट्यूब, पंप, कुलूप मागून घ्या. खडीवर वळताना पुढचा ब्रेक एकदम दाबला की चाक घसरतं. गुरं अडवणाऱ्या लोखंडी जाळ्या ओल्या असतील तर त्यांवरून सरळ जा, ब्रेक आणि वळण दोन्ही टाळा. ई-सायकल घेतलीत तर बॅटरीचा भरवसा पाठीवारा असेपर्यंतच. समोरच्या वाऱ्यात ती भराभर उतरते.

पाऊस कोकणातल्यासारखा कोसळत नाही, तासन्‌तास भुरभुरतो आणि वाऱ्यामुळे आडवा येतो. छत्री निरुपयोगी, वॉटरप्रूफ जाकीट आणि हातमोजे हवेत, जुलैतसुद्धा. वारा पडला की उन्हाळ्याच्या संध्याकाळी चिलटं चावतात.

मार्ग बराचसा शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीतून, त्यांच्या परवानगीने जातो. फाटक उघडलंत तर लावून घ्या, मेंढ्यांमागे मुलांना धावू देऊ नका.

डब्लिनच्या मंडळींसाठी: ह्यूस्टन स्थानकातून वेस्टपोर्टला थेट गाडी आहे, सव्वातीन तासांच्या आसपास. गाडीत सायकलींच्या जागा मोजक्या असतात, स्वतःची न्यायची तर आधी आरक्षण करा. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी शटलही आधीच भरते, आणि मुलांच्या सायकली सर्वात आधी संपतात.